पगारात धरलेलं घर

बुधाजी साजगावच्या कागद कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलरचा माणूस हाकेच्या अंतरावर हवा, म्हणून कंपनीने त्याला फाटकाला लागून दोन खोल्या दिल्या होत्या. भाडं नाही, नळ दारात. कुंभिवलीच्या बौद्धवाड्यातून तिथे राहायला आली तेव्हा त्याची बायको भीमाबाई नळ उगीचच सोडून बघायची आणि स्वतःशीच हसायची.

पुढे बुधाजी हेडमिस्त्री झाला, पगार वाढला आणि त्यातून सरकारी कर कापला जाऊ लागला. तोही हातात पडणाऱ्या पगारापेक्षा मोठ्या रकमेवर! बुधाजी तावातावाने हिशेबाच्या खोलीत गेला. तिथले टिपणीस भला माणूस. त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि सांगितलं, "अहो बुधाजी, कंपनीने फुकट घर दिलं म्हणजे एक प्रकारे पगारच दिला, असं सरकार धरतं. म्हणून घराची किंमत पगारात मिळवायची आणि सगळ्यावर कर लावायचा."

टिपणिसांचा एक शब्द खोटा नव्हता. पण बुधाजीच्या डोक्यात तो कसा शिरला, बघा. पगार म्हणजे घामाचा पैसा. एकदा दिलेला पगार कंपनी माघारी मागत नाही. मग घर पगारातच दिलं असेल, तर ते तरी कोण मागणार? आणि दर महिन्याला कापतात तो त्या घराचा हप्ता, दुसरं काय! पुन्हा जाऊन विचारावं असं त्याला वाटलं नाही. चांगली बातमी कोण उलटसुलट करून बघतो?

"कागद दिलाय का काय त्याचा?" भीमाबाईने विचारलं.

"अगं, खुद्द सरकार धरतंय, आन् तुला कागद पायजे!" म्हणून त्याने तिचं बोलणं हसण्यावारी नेलं.

त्याच उन्हाळ्यात धाकटा भाऊ काळूराम गावाहून आला. त्याची पोरं मोठी झाली होती, त्यांना गावच्या घरात जागा पुरेना. बुधाजीने वाड्यातली जाणती माणसं बसवली आणि चारचौघांत सांगून टाकलं, "घरजागेतला माझा वाटा काळूरामाला. मला माझं घर हाय." भीमाबाई मागून त्याची बाही ओढत होती, त्याने हात सोडवून घेतला. लोकांनी वाहवा केली, तसं त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानंतर दर पगाराला तो दारातूनच सांगत यायचा, "घर फिटत आलं गं!"

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने हार घातला, शाल दिली. सगळं आटोपल्यावर टिपणीस जवळ येऊन हळूच म्हणाले, "नवा मिस्त्री येतोय. महिनाअखेर खोल्या मोकळ्या करून किल्ली फाटकावर द्या."

बुधाजीला वाटलं, साहेब थट्टा करतायत. "साहेब, घर तर मला पगारात दिलंय न्हवं? कर भरलाय मी त्याचा."

टिपणीस म्हणाले, "कर तिथे राहण्याचा होता हो, बुधाजी. घर कंपनीचंच. अहो, तेव्हाच विचारायचं होतं मला."

बुधाजीच्या पायाखालची जमीन सरकली. गळ्यात हार तसाच ठेवून तो कुंभिवलीला चालत सुटला. त्याच्या वाट्याच्या जागेवर पुतण्यांनी विटांच्या खोल्या चढवल्या होत्या. काळूराम वाईट नव्हता. बोलताना त्याचेच डोळे भरून आले. "पोरांचे संसार हायत रं दादा तितं. कुनाला उठवू? वैनीला बी ह्येच सांगितलं व्हतं."

"वैनीला? कवा?"

"लई वर्सं झाली. येक कोपरा माघारी दे म्हनत आली व्हती. तुला सांगू नको म्हनाली."

तो घरी आला तेव्हा भीमाबाई वाल सोलत बसली होती. त्याने विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

तिने मान वर केली नाही. "शेजारच्या विमलबाईच्या मालकाच्या पगारातनं बी असंच कापायचे. त्यानं नोकरी सोडली, तवा खोल्या काढून घेतल्या. तवाच समजलं."

"मंग बोलली का नाय गं?"

"वाटा तर देऊन बसला व्हता तुमी. दर पगाराला किती खुशीत घरात शिरायचा. माज्या जिवाच्यानं नाय झालं सांगाया."

बुधाजी उंबऱ्यावरच बसला आणि ढसाढसा रडला. इतकी वर्षं तो आपल्या घरात झोपत होता आणि शेजारी ती परक्याच्या घरात.

जरा वेळाने भीमाबाईच म्हणाली, "कर्जतला चिमाकडं जाऊ. मागली पडवी ठिवलीय आपल्यासाठी. लग्न जमवतानाच मी तेवढं कबूल करून घेतलं व्हतं जावयाकडनं."

बुधाजीने चमकून तिच्याकडे पाहिलं. चिमा त्यांची एकुलती लेक. तिला कल्याणचा नोकरीवाला तरुण मुलगा सांगून आला होता, तिच्याही तो मनात भरला होता. ते स्थळ मोडून भीमाबाईने वयाने थोराड बिजवराला पोर दिली होती. आपली बायको इतकी कठोर कशी झाली, म्हणून बुधाजी तेव्हा कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नव्हता. त्याला तिने एकच कारण सांगितलं होतं, की कर्जतच्या स्थळाचं स्वतःचं घर आहे.