वरची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चौकट आहे आणि आधीच सांगून ठेवते, मला माझा फार अभिमान आहे. नागपूरच्या महाल भागात भैयाजींचा छापखाना होता. अर्ध्या शहराच्या लग्नपत्रिका तिथे माझ्यातून निघाल्या.

लोहाराकडून आले तेव्हा मी नुसती चार बाजूंची, रिकामी होते. रुपराव हा तिथला जुळारी. तो शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, एकेक करून माझ्यात मांडायचा आणि पाचरी ठोकून आवळायचा. वर गणपतीचा ठसा, खाली 'आमच्या येथे श्री कृपेकरून', एवढं कायमचं पक्कं. नावं, गाव, तिथी यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या. गिऱ्हाईक आलं की मोकळ्या जागी नवी नावं भरायची, की झाली पत्रिका! एवढ्या झटपट कोणीच देत नसे, म्हणून लोक पार कामठीहून यायचे. मी तर फुगूनच गेले होते. मला वाटे, गणपतीसकट ते सगळं म्हणजेच मी.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात इंदोरा वस्तीतले देवाजी आले. गिरणीत फिटर होते. त्यांच्या एकुलत्या एक कौसल्येचं लग्न ठरलं होतं. रुपरावनं सवयीनं नुसती नावं बदलली आणि कच्चा छाप त्यांच्या हाती ठेवला. देवाजींनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काय गा रुपराव, नावं बदलली म्हणजे पत्रिका आमची झाली काय? वर 'नमो बुद्धाय' पाहिजे मले."

रुपराव ओशाळला. भैयाजी म्हणाले, "देवाजी, वरचं आजवर कोणी बदललंच नाही. पूर्ण उघडलं तर सारा मजकूर सांडते. लग्नसराई डोक्यावर आहे. घ्या ना चालवून."

"काहून चालवून घेऊ? छप्पन साली दीक्षा घेऊन आमी अख्खं आयुष्य उघडून नव्यानं जुळवलं, भैयाजी. तुमच्यानं एक चौकट उघडत नाही? माह्या पोरीच्या लग्नाचा पहिला शब्द माह्या घरचा नसन, तर पत्रिकाच नको मले."

बापरे! माझा जीव टांगणीला लागला. वरचं निघालं तर माझ्यात उरणार काय?

भैयाजी उठले, हातोडी घेतली आणि स्वतः माझ्या पाचरी सैल केल्या. खळकन खिळे सांडले. रुपराव वेचायला बसला, तर देवाजीही बाह्या सारून त्याच्याशेजारी बसले. सारा मजकूर पुन्हा मांडला, वर नवी ओळ जुळली आणि मी पुन्हा आवळली गेले. छाप निघाला तो स्वच्छ, काटेकोर. एक अक्षर हललं नव्हतं! देवाजींनी तो मोठ्यानं वाचला. "आता झाली आमची," म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

गणपती गेला, कृपा गेली, तरी मी होते तिथेच होते. धरून ठेवणं हेच माझं काम, हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझा अभिमान दुप्पट झाला. पुढे वरची ओळही मोकळी राहिली. सदर भागातल्या चर्चमधली मंडळीही येऊ लागली. कोणीही आलं की भैयाजी नाव विचारायच्या आधी विचारत, "वर काय टाकू?"

मग खिळ्यांविना चालणारी ऑफसेट छपाई आली. आता मी भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. मित्रांनो, अधूनमधून माझ्यावरून तेलाचा हात फिरवा, गंज चढू देऊ नका. शोभेसाठी माझ्यात एखादं चित्र मात्र कायमचं बसवू नका. आणि कोणी दारात आलंच, तर भैयाजींचा तो प्रश्न आधी विचारा.