बाराव्या माणसाचे पाय

सिंकखाली

"तुमचे पाय कसे आहेत?" चावीबाईंनी विचारलं.

प्लंबर तेव्हा चर्चच्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा झाला होता. कमरेच्या वरचा भाग कपाटात, खालचा बाहेर. म्हणजे ज्याची चौकशी चालली होती तेवढंच बाईंना दिसत होतं.

"दोन आहेत," तो आतून म्हणाला.

"चेष्टा नको, मामा. बेकरीवाल्याचा घोटा मोडलाय. गुडघ्यापर्यंत प्लास्टर."

"अरेरे! कशाने?"

"आजच्यासाठी नवीन सँडल आणायला निघाला होता. दुकानाच्या पायरीवरच घसरला. आता माझ्याकडे अकराच उरलेत."

प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर वेदीसमोर गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात. बारा म्हणजे बारा. चर्चच्या यच्चयावत कुलपांच्या चाव्या कमरेला लावून फिरणाऱ्या चावीबाई तिथे असताना अकरांवर भागवणं शक्य नव्हतं. फादर बदलत, बाई बदलत नसत.

"मी नको, बाई. मी पाणी तापवून देतो, तसराळी आणून देतो, मागाहून फरशी पुसतो."

"पाणी तापवायला गीझर आहे."

"गीझर बसवला कोणी?"

"तुम्ही. म्हणून काय आता त्याला बसवू खुर्चीत?"

कपाटात जराशी खुडबुड झाली. मग काहीतरी लोखंडी वस्तू खाली पडली आणि कोणीतरी हळूच कण्हलं.

"लागलं का हो?"

"नाही, पाना पडला."

पाना पडला नव्हता. पाना हातातून सुटला होता. सिंकखालचा नट घट्ट बसला होता आणि प्लंबरच्या उजव्या हाताची बोटं गेले काही महिने अधूनमधून संपावर जात होती. डॉक्टर मानेतल्या नसेचं काहीतरी म्हणाले होते. शेवटी त्याने नटाचा नाद सोडला, वरूनच तार घालून ढोसलं, पाणी गुडगुडत खाली गेलं.

"झालं," तो म्हणाला.

झालं नव्हतं. पण "जमलं नाही" हे शब्द या इमारतीत त्याने आजवर उच्चारले नव्हते.

तो तिथे कसा आला

गळतीमुळे.

बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, पण मोठेपणी त्याने चर्चकडे पाठ फिरवली होती. त्याचे वडील पाहुण्यांना मुलांची ओळख करून देत, तेव्हा थोरला हुशार, मधला देखणा आणि "हा आपला आहे" असं म्हणत. आपला असलेला मुलगा पाईप जोडायला शिकला आणि एके दिवशी चर्चच्या छतातली गळती काढायला शिडीवर चढला. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी खाली शिडी धरली होती. उतरल्यावर ते म्हणाले, "रविवारी या."

त्याला वाटलं, अजून कुठेतरी गळतंय. रविवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला. कोणी काम सांगेना. तास-दीड तास बसून राहिला, लोक गायले, कोणीतरी त्याच्याशी हात मिळवला. इतका वेळ बसूनही कोणी "तू इथे काय करतोस" असं विचारलं नाही, हे त्याला इतकं चमत्कारिक वाटलं की तो पुढच्या रविवारीही गेला. मग मात्र त्याने स्वतःच काम शोधलं. संडासाची टाकी गळत होती.

तेव्हापासून त्याचं बाक ठरलेलं, शेवटचं, संडासाच्या दाराजवळचं. पिशवी पायाशी. प्रार्थना तो मनापासून करी, पण एक कान टाकीकडे ठेवून. देव सगळ्यांनाच ठेवून घेतो, यावर त्याचा विश्वास होता. पण ज्याचा उपयोग असतो त्याला जरा आनंदाने ठेवून घेतो. हे त्याला कुठल्या फादरने शिकवलेलं नव्हतं. हा सांधा त्याने स्वतःच जोडला होता, आणि त्याने जोडलेले सांधे सहसा गळत नसत.

हाताचं त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं. प्रभूला नाही. म्हणजे प्रभूला आपलं आपण कळलं असेल तर गोष्ट वेगळी. याने होऊन सांगितलं नव्हतं.

घरी, मोरीत: बायको बोलते

"बसा स्टुलावर. चावीबाईंचा फोन आला होता, मी हो सांगून टाकलंय. तुम्हाला काय विचारायचं? लग्नाच्या वेळी तरी कुठे विचारलं होतं? तुमच्या आई हो म्हणाल्या, मी आले, झाला की नाही संसार? द्या इकडे पाय.

"अगं बाई! ही टाच आहे की विटेचा तुकडा? माझ्या चादरी उगाच नाही फाटत.

"हलू नका. बेकरीवालीने महिनाभर नाकाने कांदे सोललेत, आमच्या ह्यांना बोलावलंय, आमच्या ह्यांना बोलावलंय. मला वाईट वाटतं हो त्याच्या घोट्याचं. मी नंतर जाऊन येईन भेटायला. आधी तुमचे पाय धुऊन होऊ देत.

"हा अंगठा काळा तो काळाच. कोणी विचारलं तर पाईप पडला म्हणून सांगा. प्रभूला माहितीये, लोकांना माहीत नसतं.

"आज मी पुढच्या बाकावर बसणार. इतकी वर्षं देवाचा शब्द ऐकतेय तो फ्लशच्या आवाजासकट.

"काय? हात? हाताचं काय आलं त्यात? हात नाही धुणार ते.

"काय म्हणालात?

"मोठ्याने बोला.

"कोण म्हणालं उपयोग नाही? चावीबाई म्हणाल्या? फादर म्हणाले? मग तुम्हीच म्हणताय ना?

"दुसरा पाय द्या."

पुन्हा सिंक

संध्याकाळी तो आला तो अशा चालीने, की पाय जणू कोणाकडून मागून आणलेत आणि तसेच परत करायचे आहेत. नवे मोजे, पॉलिश केलेले बूट. बायको सरळ पुढच्या बाकाकडे गेली.

"मामा!" स्वयंपाकघरातून चावीबाईंची हाक आली.

सिंक तुंबलं होतं. नुसतं तुंबलं नव्हतं, उलटलं होतं. तसराळी विसळायला बाईंनी नळ सोडला आणि खालून काळं, तेलकट पाणी वर येऊन कडेवरून वाहू लागलं. फरशीवर तळं साचलं होतं. बाई स्टुलावर उभ्या होत्या, चाव्या हातात उंच धरून.

त्याने बूट काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली आणि पाण्यात शिरला. नटाला पाना लावला. जोर केला. बोटांनी पाना सोडून दिला. पुन्हा लावला. डाव्या हाताने उजवा हात धरून लावला. "प्रभू, एवढा एक नट," तो पुटपुटला. "बाकी काही मागत नाही."

नट जागचा हलला नाही. पाना काळ्या पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला.

चावीबाई स्टुलावरून पाहत होत्या. "राहू दे मामा," त्या म्हणाल्या, आणि आवाजात एवढी माया होती की त्याला ती सहन झाली नाही. "उद्या दुसरा माणूस बोलावते."

दुसरा माणूस.

"मग मी निघतो," तो म्हणाला.

"निघता कुठे? खुर्ची रिकामी आहे."

"हे पाय घेऊन?"

बाईंनी खाली पाहिलं. घोट्यापर्यंत काळं, बोटांच्या बेचक्यांत भाताची शितं.

"ते अकरा जण घरून धुऊन आलेत," त्या म्हणाल्या. "एकाचे तरी धुवायचे शिल्लक असलेले बरे."

घंटा झाली. बाई स्टुलावरून उतरल्या, त्याच्या शर्टाची बाही धरली आणि दार उघडलं.

खुर्च्या

पहिल्या खुर्चीत निवृत्त हेडमास्तर, ज्यांच्या पायांना पत्नीने इतकं कोल्ड क्रीम चोपडलं होतं की फादरांच्या हातातून टाच दोनदा निसटली, शेजारी टेलर, ज्याने नखं कापून वर कानशीने गोल केली होती, मग बँकेतल्या बाई, ज्यांच्या पायांना गुलाबाचा वास येत होता आणि ज्यांनी फादरांना आधीच सांगितलं की डाव्या करंगळीला कुरूप आहे, जपून, मग दोघे भाऊ, ज्यांचं आपसात बोलणं बंद होतं पण पावडर एकाच डब्यातली होती, मग पुढे असेच गोरेगोमटे, घासलेले, चकचकीत पाय, आणि प्रत्येक खुर्चीपुढे फादर गुडघे टेकत तेव्हा गुडघ्यांचा कटकट आवाज त्यांच्या कॉलरला लावलेल्या माइकमधून पार शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता, आणि तसराळ्यांतलं पाणी अकराव्या माणसानंतरही इतकं स्वच्छ होतं की त्यात छतावरचे दिवे दिसत होते.

बाराव्या खुर्चीत प्लंबर पाय खुर्चीखाली ओढून बसला होता. शेजारची मंडळी नाकाला रुमाल लावत होती, पण भक्तिभावाने.

पुढच्या बाकावर बायकोने ते पाय पाहिले आणि डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं प्रार्थना करतेय.

कुजबुज

"पाय पुढे घ्या."

"नको, फादर. वरवर दोन थेंब टाका आणि पुढे चला."

"पुढे भिंत आहे. तुम्ही शेवटचे."

"सिंकचं पाणी आहे ते. तुमचे हात घाण होतील."

"होऊ देत. पाय."

"फादर, सिंक दुरुस्त नाही झालं."

"बरं."

"दुपारी झालं म्हणालो, ते खोटं होतं."

"बरं. दुसरा पाय पण आणा पुढे."

"माझा हात चालत नाही. पाना धरवत नाही. कोणाला सांगितलं नाही मी."

"मी सिंकचं विचारलं का?"

"नाही."

"हाताचं?"

"नाही. पण मग माझा इथे उपयोग काय?"

"काही नाही."

"काय?"

"आज तुमचा इथे काहीएक उपयोग नाही. तरी बसा. आणि पाय सैल सोडा, केव्हाचे ओढून धरलेत. मला खेचून पाडाल."

माइक

हे सगळं माइकमधून गेलं.

प्लंबरने मान वर केली तेव्हा भरलेलं चर्च त्याच्याकडे पाहत होतं. इतक्या वर्षांत त्याने ज्यांचे नळ, टाक्या, मोऱ्या दुरुस्त केल्या ते सगळे. लपवून ठेवलेलं सगळं चव्हाट्यावर आलं होतं, आणि तेही बऱ्यापैकी स्पष्ट आवाजात. आता कोणीतरी उठेल आणि म्हणेल की मग ठीक आहे, या तुम्ही.

कोणी उठलं नाही. शेजारच्या अकराव्याने खुर्ची अंमळ जवळ सरकवली. एका भावाने दुसऱ्याला विचारलं, "कुठला हात?" आणि दुसरा म्हणाला, "उजवा असेल," आणि मग आपण बोललो हे लक्षात येऊन दोघेही समोर बघू लागले.

"बसा हो मामा," हेडमास्तर वर्गात म्हणायचे तशा खणखणीत आवाजात म्हणाले.

"बसलेलेच आहेत ते," पुढच्या बाकावरून बायको म्हणाली.

फादरांनी तसराळ्यात पाय घेतला. पाणी तत्क्षणी काळं झालं. चावीबाईंनी दुसरं ओतलं, तेही झालं. फादर एकेक बोट वेगळं करून धूत होते, शितं काढत होते, आणि मग त्यांचा अंगठा तळव्याच्या खोलगट भागावरून हळूच फिरला.

बायकोने दगडाने घासलं तेव्हा काही झालं नव्हतं. आता मात्र गुदगुल्या झाल्या. प्लंबरने ओठ आवळले, छताकडे पाहिलं, खुर्चीच्या कडा धरल्या. फादरांचा अंगठा परत फिरला.

तो हसला. ठसका लागल्यासारखा एकदा, मग खदखदून, मग आवरेचना. वर्षातल्या सगळ्यात गंभीर संध्याकाळी, वेदीसमोर, एक पाय तसराळ्यात घालून. बाकांवर आधी पोरं फुटली, मग बँकेतल्या बाई, मग हेडमास्तरांनी खोकल्याचं सोंग केलं पण ते वठलं नाही. खुद्द फादरांचे खांदे हलत होते आणि माइकमधून त्यांचं फूफू ऐकू येत होतं. चावीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पाणी ओतत राहिल्या, पण चाव्या वाजत होत्या.

हसणं ओसरता ओसरता प्लंबरला जाणवलं की पाय आपण धरलेला नाही. केव्हातरी सोडला होता. टाच, घोटा, तो काळा अंगठा, सगळ्याचा भार फादरांच्या ओंजळीत होता आणि त्यांनी तो उचलून धरला होता. जड असणार.

त्याने तो मागे घेतला नाही.

नंतर

पुसायचा टॉवेल अकरा जणांनी भिजवला होता. फादरांनी त्यातल्या त्यात कोरडं टोक शोधून पाय टिपले. फारसे सुकले नाहीत. मग फादरांना गुडघ्यांवरून उठता येईना. दोघा भावांनी त्यांना एकेका काखेत धरून उभं केलं. प्लंबरचे खांदे आपसूक पुढे झाले होते, पण त्याच्याआधी माणसं पोचली. चावीबाईंनी तसराळं उचललं. कोणीतरी फरशीवरचं पाणी पुसायला घेतलं, आणि ते उलट्या बाजूने पुसत होतं, ओल आत ढकलत होतं. प्लंबरला ते दिसलं.

गाणं सुरू झालं. वेदीच्या बाजूचं दार कोणीतरी उघडं ठेवलं होतं आणि तिथून वारा येत होता. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. ओल्या पायांना वारा लागत होता, आणि तो काहीही करत नव्हता.