सिदूचा बिल्ला

सोलापुरातल्या एका मिलमध्ये धुळाप्पाचा थोरला सिदू सहा वर्षं साच्यावर कापड विणत होता. म्हणजे कागदावर. खरा सिदू भरतीनंतर तिसऱ्याच महिन्यात एका तमाशाच्या फडामागं पसार झाला होता, आणि त्याचा पितळी बिल्ला लावून उभा होता धाकटा भीमा. म्हाताऱ्या धुळाप्पानंच त्याला गावाकडनं, मंगळवेढ्याहून आणला होता. "आजपासनं तू सिदू. त्वांड उगडायचं न्हाय." जॉबरकडं, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाकडं, एक कोंबडा पोचला, आणि जॉबरलाही भीमा हुबेहूब सिदू दिसू लागला.

हा भीमा घरात कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मेंढरं राखायला धाडला तर दोन हरवून यायचा. पण साच्यापुढं उभा राहिला आणि गड्याला स्वतःचाच शोध लागला. धागा तुटायच्या आधी त्याच्या बोटांना कळायचं. साहेबानं चारचौघांत पाठ थोपटली, "शाब्बास, सिदू!" भीमाचा ऊर भरून आला. पण पाठ आपली की सिदूची, हे काही त्याला ठरवता येईना.

गावाकडं तर ऐकायलाच नको! धुळाप्पा पारावर बसून सांगायचा, "आमच्या सिदूवानी इणणारा साऱ्या मिलमदी न्हाय." सुट्टीला भीमा घरी आला की आई राजाबाई त्याच्या ताटात भाकरी टाकत म्हणायची, "थोरल्यानं बग कसं नाव काडलं. तू काय केलंस रं जल्मात?" सगळं ठाऊक असून म्हणायची, बरं का! भीमा भाकरी चावत बसायचा.

सातव्या वर्षी सिदू परत आला. केस मानेपर्यंत, खिशात फुटकी कवडी नाही. धुळाप्पानं बोकड कापला. जेवणं उरकल्यावर तो भीमाला म्हणाला, "बिल्ला काड. ज्येचा त्येला दे."

"आन् मी?"

"मेंढरं हायती की."

भीमा जन्मात पहिल्यांदा बापावर तापला. "सा वर्सं काम मी केलंय, आबा!"

"नाव त्येचं हाय," म्हातारा म्हणाला आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी तिघंही जॉबरपुढं उभे राहिले. जॉबरला तर सगळं ठाऊकच होतं. तो भीमाला म्हणाला, "वहीत काम सिदूचं, आन् सिदू ह्यो हितं हाय. तुजं काय हाय वहीत? कायबी न्हाय." मग त्याला जरा दया आली. "केम गावचा एक साचेवाला वारला परवा, कोंडीबा. त्येचा बिल्ला घे. पुरा पगार, सोताचा साचा. हो कोंडीबा."

साचा म्हटल्यावर भीमाची बोटं शिवशिवली. पण पुन्हा परकं नाव? नको, नको! "मला भीमा म्हणूनच घ्या."

"भीमाला साचा न्हाय मिळायचा. नवा गडी तू. हाताखाली राबावं लागंल, निम्म्या पगारावर."

"चालंल."

पोराचं डोकं फिरलं, असं म्हणत धुळाप्पा गावाकडं निघून गेला. आणि जॉबरनं, मोठा विनोदी माणूस, भीमाला सिदूच्याच हाताखाली दिला. "सिदू जुनाजाणता हाय. शिकून घे."

जुन्याजाणत्याला तुटलेला धागा धड जोडता येत नव्हता. भीमा सांगायला गेला की डाफरायचा, "थोरला कोन, मी का तू?" तिसऱ्या दिवशी अख्खा तागा बिघडला. साहेब लालबुंद झाला. तो तोंडं कुठं बघायचा, बिल्लेच बघायचा. सहा वर्षं सिदूच्या कापडाला डाग नाही, मग आत्ताच काय झालं? कोण आलंय इथं नवीन? सगळ्यांनी भीमाकडं बोट दाखवलं, सगळ्यांच्या आधी सिदूनं.

कारकुनानं दंडाची वही उघडली. आता सगळं बोंबलून सांगतो, म्हणून भीमानं तोंड उघडलं, तेवढ्यात कारकून लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला, "भीमा धुळाप्पा. कापड खराब केलं."

भीमाचं तोंड तसंच उघडं राहिलं. सहा वर्षांत त्या मिलच्या कुठल्याच वहीत हे नाव कुणी लिहिलं नव्हतं.

"मास्तर, पुन्यांदा वाचा की."

गडी बहिरा दिसतोय, असं वाटून कारकुनानं आणखी मोठ्यानं वाचलं, "भीमा धुळाप्पा!"

"व्हय, त्यो मीच," भीमा म्हणाला. "अंगटा कुटं द्यायचा?"