न प्यायलेली कॉफी

हेब्रॉनजवळच्या अबू मुन्सिरचा जमिनीचा खटला गाजत होता, पण म्हातारा कुठल्याच पत्रकाराशी बोलत नव्हता. बावीस वर्षं पॅलेस्टाईनच्या बातम्या देणारा फवाझ त्याच्या घरी पोचला, तेव्हा पाचच्या आत बातमी पाठवायची होती.

कॉफी आली. वहीला जागा करायला फवाझने कप बाजूला सरकवला. तिकडे मुलीला मागणी घालायला आलेला पाहुणा होकार मिळेपर्यंत कॉफीला शिवत नाही, हे तो घाईत विसरला.

अबू मुन्सिर सावरून बसला. "वय काय रे तुझं?"

"अठ्ठेचाळीस, काका."

"लग्न?"

"बातम्यांतून सवडच मिळाली नाही."

"पगार वेळेवर होतो?"

"कधी कधी."

म्हातारा आपल्याला पारखून घेतोय, असं फवाझला वाटलं. अबू मुन्सिर आत जाऊन आला.

"आमची लेक सनाबिल नाही म्हणते. म्हणते, नवरा बघताय की तुमच्यासाठी पत्त्यांचा जोडीदार?"

फवाझचं लक्ष बाजूला सरकवलेल्या कपाकडे गेलं.

"पण दारी आलेल्याला मी रिकाम्या हाताने पाठवत नाही. दुसरं काहीही माग."

"मग जमिनीबद्दल बोला," फवाझ म्हणाला.

अबू मुन्सिर तासभर बोलला. आतून सनाबिल त्याच्या तारखा दुरुस्त करत होती.