तळमजला सोडून

वॉल्टरच्या हिशोबात, तो विकत घेत असलेल्या घराच्या वरच्या मजल्याच्या भाड्यात कर्जाचा हप्ता भागत होता आणि खालच्या भाड्यात त्याची पहाटपाळी सुटत होती. अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे घेऊन बफेलोच्या थंडीत बस काढायची नाही, एवढीच कमाई त्याला पुरे होती. तिथल्या रीतीप्रमाणे त्याने आधी खरेदीच्या करारावर सही ठोकली, मग वकील गाठला. तीन दिवसांत वकिलाने नको म्हटलं तरच सौदा मोडतो. एरवी वकील नुसता मान डोलावतो, असं बसडेपोतले सगळे सांगत.

कोलुची वकीलबाईंनी मान डोलावली नाही.

"तळमजल्यावरची बाई भाडं किती देते, विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? भाडेकरू आहे."

"छदामही देत नाही. घर तिच्या दिराचं. त्याने मृत्युपत्रात तिला मरेपर्यंत राहायचा हक्क दिलाय. एवढ्या स्वस्तात घर का मिळतंय, वाटलं नाही कधी?"

वॉल्टर खुर्चीत खचला. "मग आता?"

"घर विकणारा तिचा पुतण्या म्हणतो, काकूची सही आणतो, हक्क सोडल्याची. तुम्ही हो म्हणा, कागद करते. मी तुमची वकील, तिची नाही. मुदत आज संपते, पाचपर्यंत सांगा."

वॉल्टर थेट त्या घरी गेला. तळमजल्यावरच्या जेनोवेफाकाकूंनी दारातच बूट काढायला लावले.

"नवा मालक ना तू? मी सही केली की तू खिडक्या बदलून देणार, असं पुतण्या म्हणाला. लवकर बदल बाबा, वारा झोपू देत नाही."

"काकू, त्या सहीने तुमचं घर जाईल. आधी स्वतःचा वकील बघा. फी मी देतो."

"तू कोण रे देणारा? आणि माझा पुतण्या मला फसवेल? वाढवलाय मी त्याला! चल, घाल बूट."

पायरीवर बसून त्याने वकीलबाईंना फोन लावला. "मोडा, बाई."

"तिच्यासकट घेता येईल की. थांबायचं, इतकंच."

"रोज कुणाच्या मरणाची वाट बघू? मोडा."

मे महिन्यात घर दुसऱ्याने घेतलं, रिकामं; काकूंनी सही केली होती. पुतण्याला पुरती किंमत मिळाली. मोडलेल्या सौद्याची वकीलबाईंची फी वॉल्टरने दोन हप्त्यांत चुकती केली. बाकीचं सगळं काकूंनी भरलं.