पोळपाटाचा तिसरा पाय

रंजिताचे अप्पा जाऊन दीड महिना झाला, तरी आईनं लाटणं हातात धरलं नव्हतं. दोन्ही वेळा चहात ब्रेड बुडवून खायची. कुणी काही म्हटलं की एकच उत्तर, "पोळपाट डुगडुगतो."

डुगडुगत तर तो सात वर्षं होता. तीन पायांतला एक तुटका. शारजातल्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये अप्पा लेथवर लाकूड-लोखंड घडवणारे टर्नर होते. "करून आणतो" म्हणत राहिले, आणि ते राहूनच गेलं.

"रोल्लाच्या बाजारात ढिगानं मिळतात," रंजिताचा नवरा परेश म्हणाला.

"मला माझा आहे," आईनं आतून ठणकावलं.

रंजितानं पोळपाट पिशवीत घातला. आई जेवली पाहिजे. आणि दुसऱ्या कुणी केलेला पाय आईला चालणार नाही, तो अप्पांच्याच लेथवर झाला पाहिजे.

पहिल्या दिवशी वर्कशॉपच्या फाटकावरूनच परत पाठवलं, गेटपास नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी पास होता, सेफ्टी शूज नव्हते. तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, दोन नंबर मोठे उसने बूट घालून ती आत गेली.

अप्पांचा लेथ बसएवढा लांब. त्यावर जहाजांचे शाफ्ट चढायचे. आता तो रत्नागिरीचे मोईनभाई चालवत. त्यांनी पोळपाट उलटा करून पाहिला.

"बाय, हा पाय माझ्या अंगठ्याएवढा. एवढ्या मोठ्या चकाच्या जबड्यात धरू कसा?"

"अप्पांनी कसा धरला असता?"

मोईनभाईंनी लाकडाचा एक तुकडा उचलला. मग तो चकात घट्ट बसावा म्हणून पाइपचा तुकडा शोधायला गेले.

चिनी सुपरवायझर लिनसाहेब फेरी मारत आले आणि त्या अजस्र चकाच्या मधोमध फिरणारं लाकूड पाहून थबकले.

"हमारे यहाँ बोलते हैं," ते वर्कशॉपच्या हिंदीत म्हणाले, "मुर्गी काटने को बैल काटने का छुरा क्यों?"

"अप्पा सांगायचे, असं म्हणणाऱ्या गुरूला शिष्यानं उलट उत्तर दिलं होतं ना, की लहान जागीही मोठी विद्याच लावावी?" रंजितानं हिंदीतच विचारलं. "मग गुरूच म्हणाला, मी थट्टा करत होतो."

लिनसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बुटांकडे. "जगन्नाथ की बेटी?"

"हो, अप्पांचीच."

"पॉलिश भी करो," ते मोईनभाईंना म्हणाले. "यल्ला, चलो."

संध्याकाळी पोळपाट ओट्यावर ठेवला. तो तसूभरही हलला नाही. कणीक रंजितानंच मळली. आईनं गोळा घेतला.

पोळी वाकडी आली. डुगडुगणाऱ्या बाजूला हात हलका ठेवायची सात वर्षांची सवय; ती बाजू जाडच राहिली.

"शी! ही काय पोळी?" आईनं ती गोळा करून पुन्हा लाटली. पुन्हा वाकडी. तिसरीही तशीच. आईनं पदर खोचला.

चौथीही वाकडीच, पण ती मात्र तिनं मोडली नाही. तव्यावर टाकली, भाजली, तुपाचं बोट फिरवलं आणि उभ्याउभ्याच खाल्ली.

"आणखी कणीक मळ," तोंडात घास असतानाच ती म्हणाली. "गोल येईस्तोवर सोडत नाही मी."