मिसबाचं डॉट कॉम

वर्षानुवर्षं मिसबानं नवरीमुलींच्या ब्लाउजवर आरीची नक्षी काढली आणि नाव झालं हडपसरच्या बुटीकवालीचं. आता ती स्वतःचं ऑनलाइन दुकान काढणार होती. शेजारची श्रद्धा खराडीत वेबसाइट बनवायच्या कंपनीत होती. रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली आणि चहा उकळायच्या आतच कामाला लागली.

"भाभी, नावाच्या शेवटी काय लावायचं? डॉट कॉम, डॉट इन की डॉट शॉप?"

"डॉट इन," मिसबा म्हणाली. "'मिसबा आरी'चं डॉट कॉम राहिलकडे आहे."

राहिल तिचा नवरा. लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला त्यानं ते नाव विकत घेऊन तिला भेट दिलं होतं. लोक बायकोला बांगड्या देतात. यानं पत्ता दिला, तोही नसलेल्या दुकानाचा. पुढं नोकरीसाठी बंगळूरला गेला तो तिकडचाच झाला. ना भांडण, ना तलाक. फोन तेवढे कमी होत होत बंद पडले. माहेरच्यांनी सांगून पाहिलं, सोड त्याचा नाद. मिसबा ऐकेना. ते नाव दर वर्षी पैसे भरून राखावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. अधूनमधून ती मोबाइलवर ते शोधायची आणि 'हे नाव घेतलेलं आहे' असं उत्तर आलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. बायको नकोशी झालेला माणूस तिच्या नावाचे पैसे कशाला भरत बसेल? वेडी आशा म्हणा हवं तर, पण बाई तिच्यावरच जगत होती.

श्रद्धानं सवयीनं डॉट कॉम टाकून पाहिलं.

"भाभी, नशीब काढलंत. मोकळं आहे की हे. घेऊन टाकू?"

मिसबा उठली. ती स्वयंपाकघरात गेली आणि कित्येक महिन्यांनी तिनं राहिलला फोन लावला. सलामही न करता विचारलं, "डॉट कॉमचे पैसे का नाही भरले?"

"कसलं डॉट कॉम?" तो खरोखरच गोंधळला होता. मग त्याला आठवलं. "हां, ते. अगं, ते कार्डावरून आपोआप कापले जायचे. मध्यंतरी बँक बदलली, जुनं कार्ड बंद केलं. ते चालू होतं हेच माझ्या लक्षात नव्हतं." त्यानं सभ्यपणे विचारलं, "तुला हवं होतं का?"

खोटं बोलला असता तरी चाललं असतं. तेवढीही तसदी त्यानं घेतली नाही.

"नाही," म्हणून तिनं फोन ठेवला आणि ओट्याला धरून ती रडली. तो गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. तेव्हा वाट बघायची सोय होती.

बाहेर आली तेव्हा श्रद्धानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "डॉट इनच घेऊ ना?" एवढंच हळू म्हणाली.

"डॉट कॉम घे. माझ्या कार्डावरून."

"बरं. दर वर्षीचे पैसे आपोआप कापले जाऊ देत?"

"नको," मिसबा म्हणाली. "मी आठवणीनं भरेन."